आधी त्यांना अनब्लॉक कर

ताई, नमस्कार.

मी परांडा तालुक्यातल्या एका गावातला. वय २४. तीन वर्षांपासून पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत असतो. दोन वर्षांपूर्वी टेलिग्रामवर मराठी पुस्तकांचं चॅनेल सुरू केलं. तेव्हा गावाकडची आठ-दहा मुलं होती, आज ११ हजार मेंबर आहेत. कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रं, परीक्षेची पुस्तकं, क्लासच्या नोट्स मिळून सहाशेवर पीडीएफ आहेत. मी कुणाकडून एक रुपया घेत नाही, जाहिरातही टाकत नाही. आमच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, वाचनालयाला कायम कुलूप. मग मुलांनी वाचायचं कुठून? चॅनेलवर एक दृष्टिहीन मुलगा आहे, तो तर रोज आभार मानतो.

मागच्या महिन्यात एका लेखिकेचा मेसेज आला. 'माझं पुस्तक तुमच्या चॅनेलवर आहे, कृपया काढा. ते लिहायला मला पाच वर्षं लागली.' काय उत्तर द्यावं सुचेना. मी त्यांना ब्लॉक केलं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. मित्र म्हणतात, माहिती मोकळीच असायला हवी, ॲरन स्वार्ट्झ हा अमेरिकेतला प्रोग्रामर त्यासाठीच लढला. सरकार वाटेल तेव्हा साइट बंद करतं, नेट बंद करतं, आपण करतोय ते स्वातंत्र्याचंच काम. बहीण म्हणते, तू चोर आहेस. चॅनेल बंद करू का? आणि ताई, खरं सांगा, पोलीस येऊ शकतात का?

— एक वाचक, सध्या पुणे

प्रिय मित्रा,

आधी पोलिसांचं बोलू. ती धास्ती डोक्यात असताना बाकीचं काही आत शिरणार नाही.

हो, येऊ शकतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात स्पष्ट केलं. तू पैसे घेत नाहीस ही तुझ्या बाजूची गोष्ट. धंद्यासाठी, फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, तशी सोय त्याच कलमात आहे. पण म्हणून गुन्हा पुसला जात नाही. आणि तू ज्या नोकरीसाठी बारा-बारा तास खुर्चीवर बसतोस, तिच्या आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. एक एफआयआर तिथे किती जड जाईल हे तुला मी सांगायला नको.

'टेलिग्रामवर कोण ओळखणार' असंही मनात असेल. दिल्लीत स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेची पुस्तकं आणि व्याख्यानं अशाच चॅनेलांवर फिरत होती. एक बंद पाडलं की दुसरं उभं राहायचं. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, तिथल्या कायद्याने आम्हाला माहिती देता येत नाही, असं टेलिग्रामचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आदेश झाला आणि नोव्हेंबरपर्यंत ॲडमिनचे फोन नंबर, आयपी ॲड्रेस बंद लिफाफ्यात न्यायालयासमोर आले. ती चॅनेलंही तुझ्यासारखीच परीक्षेच्या साहित्याची होती. तेव्हा क्लासच्या नोट्स आणि परीक्षेची पुस्तकं आजच्या आज काढ. कुणाची नोटीस आलीच तर एकट्याने उत्तर देत बसू नकोस, वकील गाठ. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पैशाची अडचण असेल तर तिथे जाऊन विचार.

आता बहिणीचं. 'चोर' हा शब्द मी वापरणार नाही. सायकल चोरली की मालकाला पायी जावं लागतं. पीडीएफची प्रत काढली तरी मूळ पुस्तक जागच्या जागी असतं, आणि ती पीडीएफ उघडणारा प्रत्येक जण पुस्तक विकत घेणारच होता असंही नाही. तुझ्या चॅनेलवरच्या निम्म्या मुलांनी ते पुस्तक पाहिलंही नसतं. नक्कल आणि चोरी यांत फरक आहे, तो कायदाही करतो.

दिल्लीचंच आणखी एक प्रकरण तुला माहीत असावं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. प्राध्यापकांनी ठरवलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना देत. आपल्याकडे क्लासबाहेर स्पायरल मारून मिळतं, तसंच. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असं त्यांनी निकालात लिहिलं. शिकवण्याच्या कामासाठी शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना आपल्या कायद्यात जागा आहे, हे त्या निकालाने पक्कं झालं. पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. महागडी पुस्तकं ज्यांच्या हाताला लागत नाहीत अशा मुलांच्या बाजूने आपला कायदा उभा राहिला.

पण त्या दुकानातली पानं एका वर्गाची, एका अभ्यासक्रमाची. तुझ्याकडे अख्खी पुस्तकं, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कुणाही ११ हजार लोकांसाठी. त्या निकालाची सावली तिथवर पोचत नाही.

ॲरन स्वार्ट्झचं नाव तुमच्या गप्पांत येतं, हे वाचून बरं वाटलं. त्याची गोष्ट तुझ्या मित्रांनी पुरती सांगितलेली मात्र दिसत नाही. ॲरनने २०१० च्या शेवटी अमेरिकेतल्या एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवून घेतले. २०११ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवले गेले, आणि त्यांखाली होऊ शकणाऱ्या शिक्षेची बेरीज काही दशकांची होत होती. जेस्टोरला फाइल परत मिळाल्या होत्या, त्यांना दावा लढवायचा नव्हता, तरी सरकारी वकील हटले नाहीत. ११ जानेवारी २०१३ ला ॲरन गेला. खटला उभाही राहिला नव्हता. सव्वीस वर्षांचं पोर होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आता तो काय मोकळं करू पाहत होता ते बघ. शोधनिबंध लिहिणाऱ्या संशोधकाला नियतकालिकाकडून दमडी मिळत नाही. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा जनतेच्या करातून येतो. आणि तोच निबंध वाचायला विद्यापीठांना भरमसाट वर्गणी भरावी लागते. तिथे लिहिणाऱ्याला वाचक हवाच होता, कुंपण तिसऱ्यानेच घातलेलं. हे दुखणं आपल्या सरकारलाही ओळखावं लागलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, जवळपास १३ हजार नियतकालिकं, सरकारी विद्यापीठांतल्या आणि संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली. ॲरन ज्या कुंपणाशी झुंजत होता, ते कुंपण तुझ्या लेखिकेने घातलेलं नाही. त्यांची पाच वर्षं कुणाच्या पगारात मोजलेली नव्हती. जे काही यायचं ते पुस्तकाच्या विक्रीतूनच.

सरकारबद्दल तू म्हणतोस त्यात मात्र तथ्य आहे, आणि त्यावर मी जरा थांबून बोलणार आहे.

तू शाळेत असशील तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम होतं. 'त्रासदायक' वाटलं एवढ्यावर माणूस आत जाऊ शकत होता. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या श्रेया सिंघलने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरीही ठिकठिकाणचे पोलीस त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयालाही धक्का बसला होता.

६६अ गेलं, त्याच कायद्यातलं ६९अ राहिलं. त्याखाली सरकार साइट किंवा मजकूर बंद करायला सांगू शकतं, आणि ही कारवाई गोपनीय ठेवायची असा २००९ चा नियम आहे. म्हणजे वाचकाला एवढंच दिसतं की पान उघडत नाही. कुणी, कशासाठी, किती दिवस, हे विचारायचं कुणाला? नेटबंदीचंही तेच. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात तणाव झाला आणि मोबाइल इंटरनेट बंद केलं गेलं. दंगल थांबवायला हवी यात वाद नाही. पण अशा वेळी दगड हातात घेणाऱ्याचं नेट बंद होतं तसं परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या मुलीचंही होतं आणि क्यूआर कोडवर भाजी विकणाऱ्या मावशीचंही होतं. काश्मीरमधल्या बंदीच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असा आदेश जाहीर करायला हवा, तो बेमुदत असता कामा नये आणि त्याला आव्हान देता यायला हवं. हे तुझ्या परीक्षेलाही येईल, पण त्याआधी नागरिक म्हणून लक्षात ठेव. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवायचं, हा नियम रद्द केला. कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड त्यासाठी न्यायालयात गेले होते. भांडलं तर मिळतं, हे त्यातून दिसतं.

आणि आता पायरसीचा आणि बंदीचा सांधा कुठे जुळतो ते सांगते. तुझ्या मित्रांना हे दोन एकमेकांचे शत्रू वाटतात, म्हणून हे नीट वाच. चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधी निर्माते न्यायालयात जातात आणि कोण कॉपी करणार हे ठाऊक नसल्यामुळे 'अशोक कुमार' या कुणाच्याही नसलेल्या नावाने मनाई हुकूम मागतात. सोबत साइट्सची लांबलचक यादी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन नव्या हिंदी चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयातून असे आदेश मिळाले. यादीत २ हजार ६०० हून अधिक साइट्स, आणि त्यांत चक्क इंटरनेट आर्काइव्ह! जिथे एकोणिसाव्या शतकातले आपले कोश, जुनी मासिकं, सरकारी प्रकल्पातून स्कॅन झालेली हजारो भारतीय पुस्तकं आहेत, तो संग्रह भारतात उघडेना. मराठीचा जुना कोश चाळणाऱ्या माणसाचा त्या चित्रपटांशी काय संबंध? पण चोरटी प्रत शोधायला टाकलेल्या जाळ्यात आख्खं ग्रंथालय सापडलं. ओरड झाली, मग ते उघडलं.

याच्या एक वर्ष आधी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर अशीच मागणी आली होती. त्यांनी सरसकट बंदी द्यायला नकार दिला. एकेक लिंक तपासा, खरोखर चोरटी आहे हे शपथेवर सांगा, मग बघू, असं बजावलं. बंद केलेल्या पानावर कारण काय आणि दाद कुठे मागायची हेही लिहा, असंही सांगितलं. मला तो माणूस त्यासाठी कायम लक्षात राहील. पण सगळीकडे इतकी निगुती होत नाही. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी पद्धत घालून दिली की एकदा बंद केलेली साइट नव्या पत्त्यावर उगवली की तो पत्ता यादीत वाढवायचा, नव्याने दावा लावायची गरज नाही. पायरसीवाले रातोरात पत्ता बदलतात, त्यामुळे हे का करावं लागलं ते मला कळतं. तरी कुंपण दरवेळी थोडं उंच होतं, आणि उंच झालेलं कुंपण पुन्हा कमी कुणी करत नाही. तुझ्यासारखी सहाशे पुस्तकांची प्रत्येक चॅनेल त्या कुंपणावर आणखी एक वीट ठेवून जाते. ज्या दिवशी कुणाला खरंच सत्तेविरुद्ध काही वाचायचं असेल, त्या दिवशी तेच कुंपण आडवं येईल.

आता त्या वाक्याकडे येते. 'काय उत्तर द्यावं सुचेना. मी त्यांना ब्लॉक केलं.'

पालघरच्या मुलीला कुणी तिचं म्हणणं विचारलं नाही. आर्काइव्हला कुणी आधी कळवलं नाही. न उघडणाऱ्या पानामागचं कारण वाचकाला सांगितलं जात नाही. यातलं जे तुला खुपतं, तेच मलाही खुपतं, की समोरच्याला ऐकूनच घेतलं जात नाही. आणि मग एक बाई नावानिशी, सभ्य शब्दांत, 'कृपया' म्हणून तुझ्या दारात आल्या. ११ हजार लोकांच्या त्या जागेत काय राहील आणि काय जाईल हे ठरवण्याची सत्ता तुझ्या एकट्याच्या हातात होती. तू कारण दिलं नाहीस, त्यांची बाजू ऐकली नाहीस, दाद मागायची वाट ठेवली नाहीस. एका बटणात त्यांचा आवाज बंद केलास. मित्रा, सेन्सॉर याहून वेगळं काही करत नाही.

तुला झोप लागत नाही, याचा अर्थ हे तुला माझ्याआधीच कळलंय. म्हणून तर तू पत्र लिहिलंस.

मी तुला एक माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. 'सुंदर आहे, नक्की वाच.' उघडली तर माझाच कथासंग्रह. मोबाइलने फोटो काढून केलेला. पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, आत एका पानाच्या कडेला पुस्तक दाबून धरणाऱ्याचा अंगठा. नखाला हळद लागलेली. त्या अंगठ्याकडे मी कितीतरी वेळ बघत होते. स्वयंपाक आटपून कुणीतरी शंभर-दीडशे पानांचे एकेक करून फोटो काढत बसलं होतं. राग यायला हवा होता, पण इतकं कष्ट घेऊन कुणी आपलं पुस्तक दुसऱ्यापर्यंत पोचवावं, याने गळा दाटून आला.

मग हिशोब आठवला. आवृत्ती हजार प्रतींची, किंमत २२० रुपये, माझं मानधन दहा टक्के. एका प्रतीमागे २२ रुपये. सगळ्या प्रती संपल्या तर २२ हजार, आणि त्या संपायला चार वर्षं लागली. दुसरी आवृत्ती काढायची की नाही यावर प्रकाशकांचं 'बघू' चालू होतं, आणि इकडे पुस्तक फुकट हिंडत होतं. बरेच मराठी लेखक मास्तरकी नाहीतर नोकरी करून रात्री लिहितात. पैशांचं सोड. त्या अंगठ्याच्या मालकिणीने मला एक ओळ लिहिली असती, 'ताई, आमच्या गावात पुस्तक मिळत नाही, पाठवू का मैत्रिणींना?' तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. माझ्याकडे टाइप केलेली स्वच्छ फाइल होती, तीच दिली असती. मला विचारलं गेलं नाही, ते लागलं. तुझ्या लेखिकेचंही मला तसंच वाटतं. त्यांनी पैसे मागितले नाहीत, धमकी दिली नाही. पाच वर्षं लागली, एवढंच सांगितलं.

चॅनेल बंद करू का, हा तुझा प्रश्न. माझं उत्तर, आज रात्री सगळं खासगी करून ठेव आणि वही घेऊन बस. सहाशे नावांची यादी काढ. प्रत्येक नावापुढे लेखक, मृत्यूचं साल आणि पुस्तक आज छापील मिळतं का, एवढं लिही. अभ्यासाला कंटाळलास की दहा-दहा नावं उरक, पंधरा दिवसांत होईल.

लेखक गेल्यानंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, मग ते साहित्य सगळ्यांचं होतं. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ सुरू झालं तेव्हापासून त्यांचं लेखन कुणीही वाटावं, छापावं. हरि नारायण आपटे, गडकरी तर केव्हाचेच मोकळे. अत्रे १९६९ मध्ये गेले, ते २०२९ संपेपर्यंत थांबायचं. खांडेकर २०३६ संपेपर्यंत. पु. ल. २००० मध्ये गेले, तेव्हा २०६० संपेल तोवर त्यांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, मग ती कितीही लाडकी असोत. दोन ठिकाणी फसायला होतं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं साल वेगळं बघ. आणि नव्या आवृत्तीला आजच्या कुणी प्रस्तावना, टिपा लिहिल्या असतील तर त्या त्यांच्या. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं छापल्यापासून धरतात.

या पहिल्या ढिगातली पुस्तकं नुसती चॅनेलवर ठेवू नकोस, मराठी विकिस्रोत या मोकळ्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात ने. तिथे स्कॅन चढवून एकेक पान युनिकोडमध्ये टाइप करता येतं, तपासता येतं. तुझ्या ११ हजारांतल्या शंभरांनी रोज एकेक पान केलं तरी महिन्याला तीन हजार पानं. याचा फायदा तुझ्या त्या दृष्टिहीन मित्राला सगळ्यात जास्त. तू टाकतोस त्या मोबाइलने काढलेल्या फोटोंच्या पीडीएफ असतील तर पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्या कोऱ्या पानासारख्या असतात. त्याला कुणी वाचून दाखवतं का, की तो एखादं ॲप लावून अक्षरं काढून घेतो, विचार कधी. त्याच्या वाचण्याचा हक्क तर कायद्यातच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी, नफा न घेता, कुठल्याही पुस्तकाची त्यांना वाचता येईल अशी प्रत करायला मुभा दिली. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रतींना मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून त्यासाठीच आहे. त्याला तिथे नाव नोंदवून दे.

जे आधीच कायदेशीर फुकट आहे त्याच्या लिंक चॅनेलवर टाक. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं, लेखकांच्या संमतीने ई-पुस्तकं काढणारं ई-साहित्य प्रतिष्ठान. यातलं किती चॅनेलवरच्या मुलांना माहीत आहे? मला भीती आहे की फारसं नाही. चोरटी फाइल पहिल्या झटक्यात सापडते, हक्काची शोधावी लागते. हे शोधून देण्याचं काम तू उत्तम करशील.

दुसरा ढीग हयात लेखकांचा, पण पुस्तक बाजारात कुठेच मिळत नाही असा. त्यांना लिही. लेखकाचा पत्ता नसेल तर प्रकाशकामार्फत. दहापैकी तिघं हो म्हणतील, दोघं नाही म्हणतील, बाकीचे उत्तर देणार नाहीत. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. जे हो म्हणतील त्यांची संमती लेखी ठेव आणि पुस्तकासोबत 'लेखकाच्या परवानगीने' असं लिही. तिसरा ढीग, जे पुस्तक आज दुकानात मिळतं. ते काढ. त्याजागी किंमत, प्रकाशकाचं नाव आणि कुठे मिळतं ते टाक. चार मुलांनी मिळून एक प्रत घेतली तर त्यात गैर काही नाही, पुस्तक हातोहात फिरण्यासाठीच असतं.

राहिलं गावचं कुलूप. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि दहा हजारांहून जास्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. तुमच्या वाचनालयाला ते मिळत असेल तर ते रोज उघडायला हवं. माहिती मोकळी हवी ना? मग माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज लिही, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात दे. आमच्या गावच्या वाचनालयाचा वर्ग कोणता, गेल्या तीन वर्षांत अनुदान किती दिलं, शेवटची तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर अपील कर. ग्रंथपालावर आधीच खापर फोडू नकोस, त्याचा पगार ऐकलास तर तुलाच त्याची कीव येईल. पण कुलूप का आहे, हे गावाला कळू दे. गावाकडच्या त्या पहिल्या आठ-दहा मुलांना या कामात घे. चॅनेल त्यांच्यासाठीच तर सुरू झालं होतं.

ढीग, पत्रं, अर्ज हे सगळं उद्यापासून. आज अभ्यासिकेतून खोलीवर गेलास की आधी त्या लेखिकेला अनब्लॉक कर. त्यांचं पुस्तक काढ आणि मगच लिही. ॲरन नको, सरकार नको, गावाची परिस्थितीही पहिल्या ओळीत नको. 'बाई, तुमचं पुस्तक काढलं. तुम्हाला ब्लॉक केलं होतं, ते चुकलं, माफ करा.' एवढं पाठव. त्यांनी पुढे काही विचारलं तर मग गावाबद्दल सांग, मुलांबद्दल सांग, त्यांचं पुस्तक वाचून कुणी काय म्हणालं असेल तर ते तर नक्की सांग. उत्तर आलं, नाही आलं, जे होईल ते मला कळव. मी वाट बघते.

तुझी,
ताई